असईचा सेनापती आणि कराटेची रांग

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

कराटेच्या वर्गात पहिल्या दिवशी जे शिकवतात, तेच दहाव्या वर्षीही करून घेतात. डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, पाठ सरळ. शिक्षकांनी ‘इची’ म्हटले की एक पाऊल आणि एक ठोसा. ‘नी’ म्हटले की दुसरे पाऊल, दुसरा ठोसा. पटांगण संपले की ‘मावाते’, म्हणजे मागे वळा, आणि पुन्हा एकपासून. जपानीत याला ‘किहोन’ म्हणतात. आपल्याकडे सर्रास ‘बेसिक’ हाच शब्द चालतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या कर्जत मार्गावरच्या सलग गावांमध्ये शनिवार-रविवारची जी शिबिरे शाळांच्या पटांगणांत आणि सभागृहांत भरतात, त्यांतला मोठा वेळ या एकाच गोष्टीत जातो. मुलांना हवी असते लढत, वाट्याला येते रांग.

ही रांग आली कुठून, एवढाच या धाग्याचा प्रश्न आहे. तिचा माग काढताना आपल्याला ओकिनावाच्या एका शाळेत जावे लागेल, तिथून जालना जिल्ह्यातल्या एका रणभूमीवर, पुढे हॉलंडात, आणि शेवटी उल्हासनगरच्या बरॅकींमध्ये. हा फेरफटका मी मुद्दाम वाकडा केलेला नाही. वाटच तशी आहे.

आधी एका लाडक्या कथेचा निकाल लावू. भारतातल्या बहुतेक कराटे वर्गांत सांगितले जाते की ही विद्या मुळात आपलीच; कांचीचा राजपुत्र बोधिधर्म चीनला गेला, शाओलिनच्या भिक्षूंना त्याने व्यायाम शिकवला आणि त्यातून पुढे सगळे उगवले. कथा गोड आहे, पण पुराव्याला टिकत नाही. बोधिधर्माच्या नावावर खपणारा ‘यीजिन जिंग’ हा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला. तांग हाओ या चिनी अभ्यासकाने १९३० मध्येच या कथेची चिरफाड केली होती. तरीही ती मरत नाही, कारण ती आपल्या अभिमानाला पोसते. माझे म्हणणे असे की कराटेशी आपला खरा संबंध या दंतकथेपेक्षा कितीतरी अधिक चमत्कारिक आहे, आणि त्याला कागदाचा आधार आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिराचे वय आपण छातीठोकपणे सांगतो, ते तिथल्या शिलालेखामुळे: शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजा माम्वाणीचा काळ. कराटेच्या रांगेलाही असाच एक लेख आहे, फक्त तो दगडावर नसून कागदावर आहे. ऑक्टोबर १९०८ मध्ये अंको इतोसु या सत्त्याहत्तर वर्षांच्या वृद्ध गुरूने ओकिनावाच्या शिक्षणखात्यासाठी एक पत्र लिहिले. त्यात दहा कलमे आहेत. कराटे शाळांमधून का शिकवावे, कसे शिकवावे, याचे ते निवेदन होय. कराटेचा इतिहास शिकणाऱ्याला या पत्राला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

पत्राच्या आरंभीच इतोसु स्पष्ट करतात की ही विद्या बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या मतातून निघालेली नाही. तिच्या शाखा चीनमधून आल्या. म्हणजे बोधिधर्माच्या गादीवर हक्क सांगण्याची कराटेच्या या पितामहाला गरज वाटली नव्हती. पण माझे डोळे खिळले ते दुसऱ्या कलमावर. लहानपणापासून ही विद्या शिकवली तर मुलांची शरीरे लोखंडासारखी होतील, ती पुढे सैन्यात उपयोगी पडतील, असे सांगून इतोसु दाखला देतात तो वेलिंग्टनचा. नेपोलियनला हरवल्यावर हा इंग्रज सेनापती म्हणाला होता म्हणे, की आजचा विजय आमच्या शाळांच्या क्रीडांगणांवर मिळवला गेला.

वेलिंग्टन असे कधी बोलल्याचा समकालीन पुरावा नाही. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी हे वाक्य त्याच्या तोंडी घातले गेले. पण ते सोडून देऊ. हा वेलिंग्टन कोण, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी तो नुसता आर्थर वेलस्ली होता, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींसमोर उभा होता. पुढे उतारवयात, तुमची सर्वोत्तम लढाई कोणती, असे कुणी विचारले तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही. असई, एवढेच म्हणाला.

म्हणजे ओकिनावातल्या शाळकरी मुलांना रांगेत उभे करताना ज्या माणसाची साक्ष काढली गेली, त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड दिवस मराठ्यांच्या रांगांनी घडवला होता. इतोसुंना असईची वार्ताही नसेल. हा योगायोग आहे, आणि इतिहासात योगायोगाला कारण समजण्याचा मोह टाळला पाहिजे. पण या योगायोगाच्या खाली एक खरा धागा आहे, तो असा.

असईच्या दिवशी वेलस्लीकडे मैदानात सुमारे साडेचार हजार कवायती फौज होती, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे काही घोडदळ. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे अफाट घोडदळ, आणि त्याच्या डाव्या अंगाला पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या जर्मनाच्या हाताखालची, दहा हजारांच्या घरातली पायदळाची कंपू. मराठे केळणा नदीच्या पलीकडे, नदीकडे तोंड करून उभे होते. वेलस्लीने विचार केला की काठाकाठाने पुढे जाऊन नदी ओलांडावी आणि मराठ्यांच्या बगलेवर जाऊन पडावे. समोरासमोरच्या दोन काठांवर दोन गावे दिसतात, तेव्हा मध्ये उतार असलाच पाहिजे, हा त्याचा अंदाज बरोबर निघाला. नदी ओलांडून तो पलीकडे आला आणि पाहतो तो काय, मराठ्यांचे पायदळ जागच्या जागी वळत होते. तोफांसह सगळी फळी काटकोनात फिरून त्याच्या तोंडासमोर पुन्हा सरळ उभी राहिली. शत्रू चालून येत असताना हजारो माणसांनी रांग न मोडता तोंड फिरवणे ही कवायतीच्या विद्येतली सर्वांत कठीण परीक्षा समजली जाते. वेलस्लीला याची अपेक्षा नव्हती.

कराटेच्या वर्गात ‘मावाते’ म्हटल्यावर चाळीस मुले वळतात तेव्हा दोघे-तिघे हमखास चुकीच्या पायावर वळतात आणि शेजाऱ्याला धडकतात. त्यावरून असईच्या त्या वळणाची कल्पना करावी.

ही विद्या मराठ्यांकडे आली कुठून? शब्दच सांगतो. ‘कवायत’ हे अरबी ‘कायदा’ या शब्दाच्या अनेकवचनाचे मराठी रूप. कायदा म्हणजे नियम. कवायत म्हणजे नियमांचा संच. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बन्वा द ब्वान्ये या साव्हॉयच्या माणसाला चाकरीत घेतले. आपल्या कागदपत्रांतला डिबॉइन तो हाच. त्याने युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभ्या केल्या आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथे त्यांच्या जोरावर राजपूत फौजा मोडल्या. या तुकड्यांना मराठीत ‘कंपू’ म्हणत. कंपू आणि कॅम्प हे शब्द मुळात एकाच घरचे. आज ‘कंपू’ म्हणजे टोळके असा हलका अर्थ उरला आहे, आणि ‘कॅम्प’ म्हटले की आमच्या पट्ट्यात कुणालाही उल्हासनगर आठवते. त्याकडे पुढे येऊच.

त्याही मागे जायचे तर हॉलंड गाठावे लागते. स्पेनशी लढणाऱ्या नासाऊ घराण्यातल्या मॉरिस आणि त्याच्या चुलतभावाने १५९० च्या दशकात जुने रोमन-ग्रीक युद्धग्रंथ उघडले आणि त्यांतून एक कल्पना उचलली: बंदूक चालवणे ही एक क्रिया न मानता तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक आज्ञा द्यायची, आणि ती आज्ञा सगळ्यांनी एकाच क्षणी पाळायची. १६०७ मध्ये जेकब द खेन याने चित्रांसह छापलेल्या पुस्तकात बंदूक भरून झाडण्याचे चाळीसहून अधिक टप्पे पाडलेले आहेत. इंग्रजीतला ‘ड्रिल’ हा शब्दसुद्धा डचांकडून आलेला आहे. शिकाऊ माणसाला योद्धा व्हायला आयुष्य लागत असे, ते आता काही महिन्यांवर आले. त्याच्याकडे हिंमत आहे का, राग आहे का, हे विचारायचे कारण उरले नाही. मोजणी ऐकू आली की हात आपोआप हलले पाहिजेत.

यातली सोय उघड आहे आणि धोकाही तितकाच उघड आहे. मोजणारा कोण, हे रांग विचारत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यावर धावून गेले ते कवायत शिकलेले गारदीच. आणि असईच्या आधी शिंद्यांच्या चाकरीतले कित्येक इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर नोकरी सोडून निघून गेले. पलटणी तशाच राहिल्या, मोजणारे गेले. असईत इंग्रजांची दीड हजारांवर माणसे पडली, तरी दिवस त्यांचा ठरला आणि ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. गनिमी कावा सोडून कवायत धरली म्हणून मराठे बुडाले, हा जुना वाद मला पटत नाही. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने दाखवले आहे की मराठ्यांचे पायदळ आणि तोफखाना इंग्रजांच्या तोडीचे होते. कमतरता होती ती पैशाची आणि अधिकाऱ्यांच्या निष्ठेची.

आता त्याच डच झाडाची दुसरी फांदी पाहू. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच व्यापाऱ्यांना राहण्याची मुभा होती. त्यांच्याकडून शिकलेल्या ताकाशिमा शुहान याने १८४१ मध्ये आजच्या टोकियोजवळच्या माळावर पाश्चात्त्य कवायतीचे पहिले मोठे प्रात्यक्षिक केले. आज्ञा डच भाषेत होत्या. त्या माळाला आज त्याच्याच नावावरून ताकाशिमादाइरा म्हणतात. पुढे मेइजी राजवट आली, सक्तीची लष्करभरती आली, आणि मोरी आरिनोरी या पहिल्या शिक्षणमंत्र्याने १८८६ मध्ये अध्यापक विद्यालयांत लष्करी पद्धतीचा व्यायाम सक्तीचा केला. शिक्षक कवायत शिकले की मुले शिकणारच.

ओकिनावा तेव्हा जपानात नुकतेच ओढले गेले होते. र्‍युक्यू हे तिथले स्वतंत्र राज्य. १६०९ मध्ये सात्सुमाच्या जपानी सरदारांनी ते मांडलिक केले आणि १८७९ मध्ये जपानने ते खालसा करून आपला एक जिल्हा बनवले. राजाला टोकियोला नेऊन ठेवले. आपल्याकडच्या संस्थानांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. इतोसु हे याच बुडालेल्या दरबारातले लेखनिक. शस्त्रबंदीमुळे गरीब शेतकऱ्यांनी रिकाम्या हाताची विद्या शोधली, ही दुसरी लाडकी कथाही इथेच गळून पडते: जुन्या कराटेचे ज्ञात गुरू बहुतेक दरबारी मानकरी घराण्यांतले होते.

त्यांची शिकवण कशी असे? गुरूच्या अंगणात, बहुधा रात्री, एक-दोन शिष्य. एक काता, म्हणजे ठरावीक हालचालींची एक लांब मालिका, वर्षानुवर्षे. इतोसुंचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे की तीन काता शिकण्यात त्यांची दहा वर्षे गेली. आपल्या तालमीत वस्ताद एकेका पठ्ठ्याला अंगाला हात लावून पेच दाखवतो, तसे हे काम. तिथे रांग नव्हती आणि मोजणीही नव्हती. गुरूचा हात तुमच्या मनगटावर असे.

१९०१ मध्ये शुरी येथील प्राथमिक शाळेत आणि १९०५ पासून तिथल्या पहिल्या जिल्हा माध्यमिक शाळेत व अध्यापक विद्यालयात इतोसु शिकवू लागले, तेव्हा अंगणाचे मैदान झाले. समोर पन्नास-शंभर मुले. मग त्यांनी जुन्या लांब कातांचे तुकडे करून ‘पिनान’ नावाच्या पाच छोट्या काता रचल्या, आजही आपल्या वर्गांत मुले त्याच शिकतात, काही शाखांत ‘हेआन’ या नावाने. त्यांचे शिष्य केन्त्सु याबु हे चीन-जपान युद्धात लढून आलेले. ‘सार्जंट’ हेच त्यांचे टोपणनाव पडले होते. अध्यापक विद्यालयात त्यांनी शिकवायला घेतल्यावर रांग, दक्ष, आज्ञा आणि मोजणी हा थाट पक्का झाला. ‘किओत्सुके’ ही कराटे वर्गातली आज्ञा जपानी लष्कराचीच आहे. आपल्या शाळेतल्या ‘सावधान’ची सख्खी बहीण.

तुकडे पाडताना काय गळाले, ते ठोशाकडे नीट पाहिले की दिसते. ‘बेसिक’ करताना एक हात पुढे जातो आणि दुसरा झटक्याने मागे कमरेवर येतो. या मागे येणाऱ्या हाताला ‘हिकिते’, म्हणजे ओढणारा हात म्हणतात. तो कमरेवर का आणायचा, असे कुण्या मुलाने विचारले तर ‘ताकद येते’ असे उत्तर मिळते. फुनाकोशींच्या ग्रंथात मात्र याचा उलगडा आहे: तो हात रिकामा नसतोच. त्याने प्रतिस्पर्ध्याचे मनगट किंवा बाही धरलेली असते. त्याला आपल्याकडे ओढत असतानाच दुसरा हात ठोसा मारतो. अंगणात समोर माणूस असे, म्हणून हा अर्थ सांगावा लागत नसे. मैदानातल्या रांगेत समोर शेजाऱ्याची पाठ आली, आणि हात हवेला ओढू लागला. गेली शंभर वर्षे लाखो मुले एक अदृश्य मनगट कमरेपर्यंत ओढत आहेत. शिबिरात पुढच्या वेळी हा हात मागे आणाल तेव्हा मुठीत काहीतरी आहे असे धरून पाहा. खांदा आणि कंबर आपसूक वेगळी वागतात.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांनी लिहिले आहे. १९२२ मध्ये फुनाकोशींनी टोकियोत प्रात्यक्षिक केले. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात पहिला विद्यापीठीय कराटे संघ निघाला. पांढरा पोशाख आणि काळा पट्टा ही ज्युदोच्या जिगोरो कानोंची देणगी. रंगीत पट्ट्यांची शिडी युरोपातल्या ज्युदो क्लबांत रुळली. सिंधी लोकांच्या मलाखडा कुस्तीत कमरेला गुंडाळलेले वस्त्र प्रतिस्पर्ध्याने धरण्यासाठी असते. कराटेत कमरेचा पट्टा फक्त इयत्ता सांगतो. नावही बदलले. ‘कारा’ या उच्चाराचा जुना अर्थ ‘चिनी’ असा लिहिला जाई. जपानी राष्ट्रवादाच्या भरात तो ‘रिकामा’ असा लिहिला जाऊ लागला आणि २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा शहरात जमलेल्या गुरूंनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

१९३० च्या दशकाच्या अखेरीचे एक छायाचित्र कराटेच्या पुस्तकांतून नेहमी दिसते. शुरीच्या किल्ल्यासमोर मुले रांगांमध्ये उभी आहेत, सगळ्यांच्या मुठी एका रेषेत. फार देखणे चित्र आहे. १९४५ च्या वसंतात त्याच किल्ल्याच्या पोटात जपानी सैन्याने आपले मुख्यालय खणले होते. माध्यमिक शाळांतल्या चौदा वर्षांपासूनच्या मुलांच्या पलटणी करून त्यांना युद्धात उतरवले गेले. त्यांत इतोसुंनी जिथे शिकवले ती पहिली माध्यमिक शाळा होती आणि अध्यापक विद्यालयही होते. शेकडो मुले परतली नाहीत, किल्ला जमीनदोस्त झाला. मुलांना लहानपणापासून तयार केले तर ती सैन्याच्या कामी येतील, असे १९०८ च्या पत्रात लिहिले होते. ते शब्दशः खरे ठरले. इतोसु १९१५ मध्येच गेले, त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. हातातून जाऊ पाहणारी विद्या सरकारी शाळेच्या दारातून आत न्यायची तर सरकारला पटेल अशा भाषेतच अर्ज करावा लागतो. तरीही पत्र आणि छायाचित्र एकमेकांशेजारी ठेवले की मला ते चित्र पुन्हा देखणे वाटत नाही.

त्याच महायुद्धात, इकडे कल्याणजवळ, इंग्रजांनी सैनिकांसाठी मोठी छावणी वसवली होती. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर लोक राहतील एवढी. लांबलचक बरॅकी, ओळीने, क्रमांक घालून. जपानशी लढायला निघालेली फौज जिथे उतरत असे, तिथे नासाऊच्या त्याच कवायतीचा इंग्रजी घोष रोज सकाळी होत असणार. मग १९४७ आले. सिंधमधून उखडलेली कुटुंबे या रिकाम्या बरॅकींत आणून ठेवली गेली. दोन खोल्यांच्या मध्ये गोणपाटाचे पडदे लावून संसार सुरू झाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पण शहराने छावणीचा आराखडा टाकला नाही. आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बरॅक नंबर सांगावा लागतो. रांगेत बांधलेल्या घरांना लोकांनी माळे चढवले, दुकाने काढली, गल्ल्या वाकवल्या. नंबर तेवढे राहिले.

त्या गावात आज एखाद्या सभागृहात ‘इची, नी, सान’ ऐकू येते, तेव्हा एकाच झाडाच्या दोन फांद्या भेटत असतात: एक महादजींच्या कंपूवरून आणि इंग्रजांच्या पलटणींवरून आलेली, दुसरी नागासाकी, टोकियो, शुरी अशी फिरून आलेली. कराटे मुंबईत रुजले ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. आद्य शिक्षकांमध्ये पर्वेझ मिस्त्री यांचे नाव आदराने घेतले जाते. मग ब्रूस ली पडद्यावर आला आणि उपनगरांतल्या शाळांची दारे उघडली. ब्रूस लीची विद्या कराटे नव्हती, पण हे तेव्हा कुणाला सांगून पटले असते!

आपल्याकडच्या लोकांनी या कवायतीचे काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सामुदायिक व्यायामाच्या इंग्रजी आज्ञा काढून देशी भाषेतल्या आज्ञा बसवल्या. रांग तीच ठेवली, मोजणारा आवाज बदलला. कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद तरुणपणी त्यांच्याच हाताखाली तयार झाले. इतोसु आणि माणिकराव एकाच काळातले. दोघेही परक्या सत्तेखालचे, आणि दोघांनीही राज्यकर्त्यांचीच रांग आपल्या मुलांसाठी उचलली. एकाने ती सरकारच्या स्वाधीन केली, दुसऱ्याने सरकारपासून सोडवली.

राहता राहिला तो प्रश्न, जो या पट्ट्यातले पालक शिबिराच्या दारात विचारतात: मुलीला यातून स्वतःचे रक्षण करता येईल ना? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, ते एका शाळेतल्या चार वर्षांच्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या संतापाने. त्यानंतर ‘मुलींना कराटे शिकवा’ हा सल्ला पुन्हा सगळीकडून आला. चार वर्षांच्या मुलीचे रक्षण ही तिची स्वतःची जबाबदारी नसते, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. ते काम मोठ्यांचे, शाळेचे आणि कायद्याचे आहे. आणि थोरल्या मुलींसाठी विचाराल, तर नुसत्या रांगेतून रक्षण येत नाही. हवेतला ठोसा मनगट धरलेल्या माणसावर कसा वापरायचा, हे अंगणातच शिकता येते, म्हणजे समोर जोडीदार उभा करून. इतोसुंच्या पत्रातही गुंडाशी गाठ पडली तर इजा टाळणे हा हेतू सांगितला आहे, त्याच्याशी बरोबरीने झुंजणे हा नव्हे. जे शिबीर दोन दिवस फक्त मोजत राहते आणि शेवटी प्रमाणपत्र देते, त्याने पालकांना अर्धीच वस्तू विकलेली असते.

मग रांग टाकून द्यायची का? नाही. शंभर वेळा तेच पाऊल टाकल्याने तोल येतो, श्वास आवाजाशी जुळतो, आणि ओरडायची लाज जाते. ही शेवटची गोष्ट मी फार मोलाची मानतो. ‘कियाई’ देताना आरंभी मुली ओठ मिटून घेतात आणि महिन्याभरात सभागृह दणाणून सोडतात. शिवाय पुष्कळ वर्गांत एक रीत आहे. शेवटच्या फेरीत शिक्षक मोजत नाहीत. रांगेतल्या प्रत्येकाने पाळीपाळीने दहा आकडे म्हणायचे आणि बाकीच्यांनी त्यावर हलायचे. नऊ वर्षांची पोर ‘रोकु’ आणि ‘शिची’ यांच्यामध्ये अडखळते, तेव्हा तिच्यासाठी सगळी रांग, काळ्या पट्ट्याचे दादा धरून, मूठ कमरेवर ठेवून थांबते.

तुमच्या शाळेत कवायतीच्या आज्ञा कोणत्या भाषेत होत्या, ‘सावधान-विश्राम’, ‘दक्ष-आराम’ की ‘अटेन्शन-स्टँड अ‍ॅट ईज’? गाव आणि साल घालून खाली लिहा. घरातल्या आजी-आजोबांनाही विचारा, सिंधी शाळेत शिकलेले कुणी असतील तर अवश्य. माणिकरावांच्या आज्ञा कुठकुठवर पोचल्या, याचा एक नकाशा करायचा माझा विचार आहे.